दसऱ्याला धुतलेल्या बाटल्या

फ्रान्सची तांबडी दारू मी प्यायलेलो आहे, हे आमच्या साजगावात अजूनही दबक्या आवाजात सांगतात. सांगोत बापडे. खरं म्हणजे मी ती प्यायलो फार थोडी आणि चाखली पुष्कळ. आता चाखणं आणि पिणं यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्याशी मी वाद घालत बसत नाही. तोंडात घ्यायची, घोळवायची आणि खिडकीबाहेर थुंकून टाकायची. हे मी कर्जत स्टेशनावर, साहेबांच्या खाणावळीत, पगार घेऊन शिकलो.

खाणावळ आपली आम्ही म्हणायचो. पाटीवर इंग्रजीत भलंमोठं नाव होतं. बोरघाट चढायचा तर कर्जतला गाडीच्या मागे आणखी एक इंजिन जोडावं लागे, आणि उतरून आलेल्या गाडीचीही तिथे तपासणी होई. तेवढा वेळ गाडी थांबायची आणि तेवढ्यात पहिल्या वर्गाची साहेबमंडळी जेवून घ्यायची. ही खाणावळ एका म्हाताऱ्या पारशी शेठजींनी चालवायला घेतली होती. मी तिथे कोठीवर होतो. किराणा, मेणबत्त्या आणि तळघरातल्या बाटल्या यांचा सांभाळ माझ्याकडे. शेठजींचे गुडघे गेलेले, तळघराच्या पायऱ्या त्यांना उतरवत नसत, म्हणून बाटल्यांच्या कामात त्यांनी मला हाताशी धरलं.

पहिल्यांदा त्यांनी मला चाखायला दिली तेव्हा मी असं तोंड केलं की आचारी हसायला लागला. ‘यापेक्षा आमसुलाचं पाणी बरं,’ असं मी शेठजींना तोंडावर सांगितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. तर हा माणूस खूश. म्हणाले, ‘आमसूल म्हणालास ना? मग आता अजून काय लागतंय ते सांग.’ मी पुन्हा घोट घेतला. करवंद लागलं. मग जरा वेळानं काताचा तुरटपणा, आणि अगदी शेवटी भिजलेल्या पेंढ्याचा वास. त्या दिवसापासून आमची ही रीत पडली. कुणी साहेबानं बाटली अर्धी टाकली की शेठजी मला हाक मारायचे, खिडकीशी उभं करायचे आणि विचारायचे, ‘बोल, काय काय सापडलं?’ साहेबलोकांचे शब्द त्यांनी कधी माझ्या माथी मारले नाहीत. जांभूळ म्हणालो तर जांभूळ, नव्या वहाणेचा वास म्हणालो तर नव्या वहाणेचा वास. एवढा जाणता माणूस, पण माझं ऐकून घ्यायला त्यांना कमीपणा वाटत नसे. मी पुढे बरेच मोठे लोक पाहिले, पण असा एकही नाही.

नवी दारू तोंडात शिरल्या शिरल्या भांडते. जुनीचं तसं नाही. तिचा रंगही उतरून विटेसारखा होतो आणि बुडाशी गाळ बसतो. म्हणून बाटली हलवायची नाही, तुसात आडवी निजवायची आणि विसरून जायचं, असं शेठजींनी मला शिकवलं होतं. आमच्या तळघरात भाताच्या तुसाचे ढीग होते आणि त्यांत या बाटल्या वर्षानुवर्षं निजलेल्या. अंगावर बोटभर धूळ, कोळिष्टकं. दिसायला दरिद्री, पण शेठजी त्यांचं नाव काढताना आवाज खाली आणायचे.

आता माझ्या आत्याचं सांगतो. माझ्या बापाची ही धाकटी बहीण. कशेळ्याला दिली होती. नवरा घाटाच्या कामावर गेला. काम संपत आलं होतं, लाईन सुरू व्हायची ते साल, आणि मजुरांच्या तळावर पटकी आली. तीत तो गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. आमच्यात विधवेचा पाट लावायची चाल आहे, दोन-तीन जण विचारूनही गेले, पण ही बया हलली नाही. मग माझ्या आईच्या हाताखाली भावाच्या घरात दिवस काढणं आलं. आईबद्दल मी वाईट बोलणार नाही, पण नणंदेला घास वाढताना तिचा हात आखडायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी कोठीवर लागल्यावर शेठजींच्या पाया पडून तिला पेले-बशा धुवायच्या कामाला लावली. खाणावळीच्या मागे एक खोली होती ती तिला मिळाली. खोलीला दार होतं, दाराला कडी होती, आणि आतून कडी लावायला मिळते याचंच तिला पहिले काही दिवस कौतुक. महिन्याभरात तिचं अंग भरलं. आयुष्यात पहिल्यांदा ती मोठ्यानं बोलायला लागली, मलाही दमात घ्यायला लागली. काचेचे पेले असे चकाचक पुसायची की मडमा उजेडात धरून बघायच्या.

तर खंडेनवमीची गोष्ट. कोकणात आणि देशावर कुठेही जा, त्या दिवशी ज्याची जी हत्यारं असतील ती तो धुतो आणि पुजतो. आमच्याकडे नांगर-कोयते, शेडमध्ये तर लोकांनी इंजिनालासुद्धा हार घातले होते. मी त्या दिवशी साजगावला गेलो होतो. शेठजींनी जाताजाता आत्याला सांगितलं, ‘बाई, दसरा आलाय, तळघर जरा साफ करून घे,’ आणि किल्ली दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर विहिरीजवळच्या ओट्यावर बाटल्या ओळीनं उभ्या. राख आणि काथ्या लावून लख्ख घासलेल्या. गळ्यात झेंडूच्या माळा, पुढे नारळ. सगळ्यांना हळदकुंकू वाहिलेलं. आत्यानं स्वतः कुंकवाला हात लावला नव्हता. शेजारच्या फायरमनच्या बायकोला त्यासाठी मुद्दाम बोलावलं होतं. आणि ओट्याखाली भिजून लगदा झालेल्या चिठ्ठ्यांचा ढीग. कुठली बाटली कुठली, कुठल्या सालची, हे सांगणारं जे काही होतं ते सगळं तिथे वाहून गेलं होतं.

‘अगं आत्या, हे काय केलंस?’ मी म्हणालो.

‘काय केलं म्हंजी? आपली हत्यारं हीच ना रं? कोळ्यांनी पार जाळी बांधली हुती त्यांच्यावर. सणाचं तसंच ठेवायचं व्हय?’

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात शेठजी काठी टेकत आले. त्यांनी ती ओळ पाहिली, झेंडू पाहिला, चिठ्ठ्यांचा लगदा पाहिला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. शेठजींनी पायांतले जोडे काढले, पूजेला हात जोडले आणि मग तिथेच पायरीवर डोकं धरून बसले.

बाकीच्या बाटल्यांचं एक वेळ निभावलं असतं. खरी काळजी होती एकीची. घाटाचं काम चालू असताना एक तरुण इंजिनेर साहेब विलायतेहून आला होता. लाईन सुरू झाली त्या सालच्या द्राक्षांची दारू त्यानं फ्रान्सहून मुद्दाम मागवली आणि शेठजींच्या तळघरात ठेवली. दरवर्षी लाईन सुरू झाल्याच्या दिवशी तो यायचा, एक बाटली उघडायचा. आता शेवटची उरली होती. साहेबाचे केस पिकले, नोकरी संपली, दसऱ्यानंतर तो कायमचा विलायतेला निघायचा होता. खंडाळ्याहून उतरताना कर्जतला जेवायचं आणि ती शेवटची बाटली प्यायची, असं त्यानं शेठजींना केव्हाच सांगून ठेवलं होतं. बाटलीच्या गळ्याला त्याच्या हातची चिठ्ठी होती. ती आता लगद्यात.

शेठजींनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ‘डिकरा, कंपनीत या साहेबाचा शब्द चालतो. खाणावळ माझ्याकडे राहिली ती त्याच्या शब्दावर. तो बिथरला तर कुणाला तरी काढावं लागेल. बाईला मी ठेवू शकणार नाही.’ हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. साफ करायला त्यांनीच सांगितलं होतं, हे त्यांना बोचत होतं.

आत्याला मी सांगितलं नाही, पण तिला कळलं. भिंतीला कान असतात तसे तिला होते. ती म्हणाली, ‘जाईन की. वैनीकडं जाईन,’ आणि पेले पुसत राहिली. मात्र त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या हातून एक पेला फुटला.

मग आमचा शोध सुरू झाला. शेठजींनी आधी उतरत्या खांद्याच्या बाटल्या वेगळ्या काढल्या. साहेबाची दारू फ्रान्समधल्या बोर्डोकडची, तिची बाटली चौकोनी खांद्याची असते म्हणाले. मग चौकोनी खांद्याच्यांतल्या शिशाचं टोपण असलेल्या बाद झाल्या, कारण साहेबाच्या बाटलीला तांबडी लाख होती. लाख काही राखेनं निघत नाही. असं करता करता तीन उरल्या. तिन्ही लाखेच्या, तिन्ही लख्ख, तिन्ही घासताना हिंदकळून गढूळ झालेल्या. आत्या म्हणाली, पाणी गढूळलं की आपण निवळीची बी उगाळून घालतो, यांत घालू का? शेठजींनी नुसते हात जोडले. तिन्ही बाटल्या मी पुन्हा तुसात निजवल्या आणि गाळ खाली बसायची वाट बघत राहिलो.

आधी उघडून बघायची सोय नव्हती. इतकी जुनी दारू उघडली की तिचा जीव फार थोडा असतो, वारा लागला की तास-दोन तासांत ती मरते. म्हणून शेठजींनी ठरवलं की साहेब यायच्या दिवशी खंडाळ्याहून गाडी सुटल्याची तार आली की तिन्ही उघडायच्या, आम्ही दोघांनी चाखायच्या आणि ठरवायचं.

त्या दिवशी दुपारी तार आली तेव्हा माझी पाचावर धारण बसली होती. शेठजींनी स्वच्छ डगला घातला, खिडकीशी टेबल घेतलं आणि हलक्या हातानं लाख फोडली. आत्या दाराशी उभी होती. तिच्या पायाशी तिचं गाठोडं बांधून तयार होतं.

पहिली आम्ही दोघांनी तोंडात घेतली आणि दोघांनी एकदमच थुंकली. नवीच होती, कचकचीत, हिरव्या करवंदासारखी. तिला लाख कुणी लावली कोण जाणे.

दुसरी मात्र काय सांगू. मी ती थुंकायला विसरलो. आधी पिकलं जांभूळ आलं, मग ते बाजूला झालं आणि मागून सुपारीचा मऊ तुरटपणा आला, मग कोरड्या पानांचा वास, मग पुन्हा जांभूळ, पण आता वाळवलेलं. घशाखाली गेल्यावरही ती तोंडात बोलत होती. मी शेठजींकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी त्यांना हाक मारली नाही. माणसांच्या हातून असं काही होऊ शकतं याचं मला त्या दिवशी खरोखर नवल वाटलं, आणि ज्यांनी ती केली त्या कुठल्याशा फ्रान्सच्या शेतकऱ्यांबद्दल मनात आदर दाटून आला.

तिसरी पेल्यात ओतली तेव्हाच ती फिकट दिसली. कडेला जवळजवळ चहाचा रंग. तोंडात घेतली तर काहीच नाही. पाणी. मग अगदी उशिरा, जीभ सोडताना, काहीतरी होतं. सुकलेल्या फुलाचा, देवघरातल्या निर्माल्याचा वास असतो तसा. तो आला असं वाटेतो गेला.

‘दुसरीच त्यांची,’ मी म्हणालो. ‘यात काय बघायचं?’

शेठजींनी मान हलवली. ‘नाही. दुसरी तिच्यापेक्षा पाच-सात वर्षांनी तरुण आहे. साहेबाची ही तिसरी. हिचं आयुष्य होऊन गेलं.’

मग मी जे बोललो ते मला आजही रास्तच वाटतं. मी म्हणालो, ‘शेठजी, कसंही करून दुसरीच द्या. साहेब खूश होऊन जाईल, आत्या राहील, तुमची खाणावळ राहील. त्याला काय कळणार आहे?’

‘कळो, न कळो,’ शेठजी म्हणाले. ‘वीस वर्षं त्याची वस्तू मी सांभाळली. त्याची त्याला द्यायची.’

मला काय संताप आला म्हणता. एका म्हाताऱ्याच्या खरेपणापायी माझ्या आत्यानं पुन्हा आखडलेल्या हाताचा घास खायचा? मी तोंड उघडणार तोच गाडीची शिट्टी झाली.

साहेब आला, टोपी काढून बसला. घाटातल्या मजुरांत उमर गेलेली, त्यामुळे त्याची मराठी आमच्याच वळणाची होती. शेठजींनी त्याच्यापुढे दोन पेले ठेवले आणि उभ्यानं सगळं सांगितलं. चिठ्ठ्या गेल्या, कशा गेल्या, तळघर साफ करायला आपणच सांगितलं होतं, यातला एक पेला तुमचा, माझ्या मते हा फिका. आत्याचं नाव त्यांनी घेतलं नाही.

साहेबानं आधी चांगला पेला घेतला. त्याचा चेहरा उजळला. ‘बेस हाय,’ म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं तो फिका पेला उचलला, तोंडात घेतली आणि कितीतरी वेळ गिळलीच नाही. जेवण निवत होतं.

‘हीच माझी,’ तो म्हणाला. ‘पण संपली आता. कायबी उरलं नाय हिच्यात.’ पेला त्यानं दूर सारला. ‘धुतल्या कुणी?’

शेठजी काही बोलायच्या आत आत्या दारातून पुढे आली. ‘मी धुतल्या सायेब. सण व्हता. इंजिनाला हार घातलेलं बगितलं, म्हनलं आपली बी हत्यारं धुवावी, पुजावी.’

साहेब तिच्याकडे पाहत राहिला. रागावला होता की नाही ते मला कळेना. शेठजी म्हणाले, धुण्यानं दारू मेली नाही, तिचं वयच झालं होतं. साहेब म्हणाला, ठाऊक आहे.

आत्यानं मला हळूच विचारलं, ‘ही कवाची रं?’

‘घाटाची लाईन सुरू झाली त्या सालची.’

ती त्या पेल्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘त्याच साली आमचं माणूस घाटात ऱ्हायलं. पटकीत.’

हे तिनं साहेबाला म्हटलं नव्हतं, पण साहेबानं ऐकलं. पटकी आली तेव्हा तो त्याच तळावर होता. त्यानं तो पेला उचलला आणि तिच्यापुढे धरला. माझी आत्या जन्मात दारूला शिवली नव्हती. तिनं डोक्यावरून पदर घेतला, उजव्या हाताचा खळगा केला आणि पुढे धरला. देवळात तीर्थ घेतो ना, तसा. साहेबानं त्यात चार थेंब ओतले. तिनं ते प्राशन केले आणि ओला तळवा डोक्यावरून फिरवला.

‘कसं लागलं?’ साहेबानं विचारलं.

तिनं जीभ टाळ्याला लावून पाहिली. ‘संपली कुटं? हाय की अजून.’

साहेबानं तिला नवऱ्याचं नाव विचारलं. ती माझ्याकडे वळली. ‘तू सांग रं.’ आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, मेला तरी घेत नाही. मी सांगितलं. साहेबानं ते म्हणून पाहिलं, पण त्याला ते नीट जमेना. मजुरांत इतकी वर्षं काढलेला माणूस, पण त्यातलं एक जोडाक्षर काही त्याच्या जिभेला वळेना. पुन्हा म्हणाला, पुन्हा चुकलं. बाहेर गार्डाची शिट्टी झाली.

तेव्हा आत्यानं पदर सावरला आणि स्वतः ते नाव घेतलं. नीट, सावकाश, साहेबाला कळेल असं. लग्नातल्या उखाण्यानंतर तिच्या तोंडून ते नाव मी तरी कधी ऐकलं नव्हतं, कुणीच ऐकलं नव्हतं.

साहेबानं तिच्यामागून ते अगदी बरोबर म्हटलं, आणि पेल्यात होती ती सगळी दारू, गाळासकट, उभा राहून प्यायला.

गाडी गेल्यावर शेठजी खुर्चीत बसले. त्यांनी चष्मा काढून पुसला, दाराशी पडलेलं गाठोडं पाहिलं आणि मला म्हणाले, ‘ते आत, बाईच्या खोलीत ठेवून ये.’